घारीची सावली आणि गच्चीवरचं पिल्लू

उन्हाळ्यातल्या सकाळी गच्चीच्या फरशीवरून एक सावली सरकत जाते. पाण्याच्या वाटीशी खेळणारं महिना-दीड महिन्याचं पामेरियन पिल्लू कान टवकारतं आणि जिन्याच्या दारातून कुणीतरी धावत येऊन त्याला पोटाशी धरतं. बुलढाणा जिल्ह्यात बुलढाणा, चिखली, मेहकर ही घाटावरची गावं असोत की खामगाव, शेगाव, मलकापूर ही घाटाखालची, लहान जातीचं कुत्रं पाळणं आता कुठेच नवलाचं राहिलेलं नाही. पूर्वी घराला अंगण असे, अंगणात निंब असे आणि निंबाखाली कुत्रं असे. आता प्लॉट लहान झाले, अंगणाची जागा गच्चीने घेतली, आणि गच्चीवर डोक्यावर झाडाची फांदी नसते, थेट आभाळ असतं. त्या आभाळात घार असते. घारीपासून पिल्लाला जपायचं की नाही, यावर वाद नाही. वाद आहे तो किती घाबरायचं आणि जपायचं कसं, यावर. या वादाच्या दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. ‘ताई’ बोलतात त्या पिल्लू पाळणाऱ्या घराच्या वतीने. ‘सर’ बोलतात ते पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या वतीने. ही माणसं कुणी एक नाहीत, पण त्यांचं म्हणणं गल्लोगल्ली ऐकू येतं.

ताई : सर, घार कोंबडीची पिल्लं उचलते हे खेड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणून तर पिल्लं निघाली की कोंबडीला आठवडेच्या आठवडे डाल्याखाली झाकून ठेवायची पद्धत पडली. ती पद्धत काही उगाच पडलेली नाही. मग दोन पिलवंडांएवढं कुत्र्याचं पिल्लू गच्चीवर मोकळं सोडलं तर घारीला त्यात फरक का वाटावा? तिच्या नजरेला दोन्ही सारखीच मऊ, हळू चालणारी, न उडणारी. तुम्ही पक्षिमित्र मंडळी लगेच म्हणता, घार निरुपद्रवी आहे, घाण साफ करते. साफ करते हे खरंच. पण जी घार मटणाच्या दुकानासमोरून तुकडा उचलते, तिच्यात माणसाची भीती उरलेली नसते. अशा पक्ष्याच्या भरवशावर आपलं पिल्लू कुणी का सोडावं?

सर : भरवशावर सोडा असं मी म्हणणार नाही. आधी आपण वजनाचा हिशेब मांडू, कारण या भीतीचं मूळ घारीच्या आकारात आहे. पंख पसरले की घार टोकापासून टोकापर्यंत सुमारे दीड मीटर भरते. इतका पसारा डोक्यावर फिरताना पाहिला की ती कुत्रंही नेईल असं वाटतं. पण तो सगळा पसारा पिसांचा. तराजूत ठेवली तर घार साधारण ६०० ते ९०० ग्रॅमची, किलोलाही कमी. शिक्रा तर २०० ग्रॅमच्या आगेमागे, आणि सोयाबीनच्या शेतावर एका जागी पंख फडफडत थांबणारी कापशीही त्याच वजनाच्या जवळपास. शिकारी पक्षी साधारणपणे स्वतःच्या निम्म्या वजनापेक्षा फार जड काही घेऊन दूर उडू शकत नाही. म्हणजे घारीची झेप तीन-चारशे ग्रॅमपाशी संपते. कोंबडीचं एका दिवसाचं पिल्लू ४० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून ते उचललं जातं. पूर्ण वाढलेलं खरं पामेरियन दोन ते साडेतीन किलोचं. आपल्याकडे त्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतं, म्हणजे पाच-सात किलो किंवा त्याहून जास्त. ते उचलणं घारीला शक्यच नाही.

ताई : हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही तो मोठ्या कुत्र्याचा मांडलात. भीती असते ती पिल्लाची. लहान जातीचं नुकतंच डोळे उघडलेलं पिल्लू किती भरतं? तीन-चारशे ग्रॅमच ना? आणि दुसरं असं की जीव जायला उचललं जाणं गरजेचं नाही. पंजा डोळ्यात बसला, नख पाठीत रुतलं, घाबरून पिल्लू कठड्यावरून खाली गेलं, तर घारीने ते नेलं नाही एवढ्याने त्या घराचं काय समाधान होणार? शिवाय आपल्या जिल्ह्यात फक्त घारीच नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यं आहेत. तिथे गरुड आहेत, मोठी घुबडं आहेत. डोंगराच्या कडेला शेतात राहणाऱ्या कुटुंबाला तुम्ही गावातल्या घारीचं वजन सांगून कसं चालेल?

सर : हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यानेच प्रश्न नीट दिसू लागतो. डोंगरकड्यांवर राहणारे काही गरुड दीड-दोन किलोचे असतात आणि सशाएवढी शिकार जमिनीवरच मारतात. खडकाळ ओघळींत राहणारं शृंगी घुबडही दोन किलोपर्यंत जातं आणि त्याची वेळ तिन्हीसांजेनंतरची. त्याचं मुख्य खाणं उंदीर आणि घुशी, पण उघड्यावर एकटं असलेलं लहान पिल्लू त्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. तेव्हा धोका नाही असं नाही. मात्र त्याला हद्द आहे. वयाची हद्द म्हणजे पिल्लाचे पहिले तीन-चार महिने. वेळेची हद्द म्हणजे संध्याकाळ ते पहाट, आणि दिवसा ते एकटं असतानाचा काळ. जागेची हद्द म्हणजे वर छप्पर किंवा झाड नसलेली मोकळी जागा. या तीन हद्दींत सावध राहायचं. त्याबाहेर रोज जीव मुठीत धरून आभाळाकडे बघत बसण्याचं कारण नाही.

ताई : पण मोठ्या कुत्र्यावरही घार झडप घालते, हे लोक डोळ्यांनी बघतात. बाजारच्या पिशवीवरच नव्हे, गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईच्या डोक्यावरही घालते. ती तर बाईला उचलून नेणार नसते. मग हे कशासाठी?

सर : घरट्यासाठी. आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत घारींचा विणीचा काळ असतो. उंच निंब, निलगिरी, वड, नाहीतर मोबाइलचा टॉवर, अशा ठिकाणी काटक्यांचं घरटं बांधून ती दोन-तीन अंडी घालते. महिनाभर उबवणं आणि त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत आणखी दीड-दोन महिने. त्या घरट्याच्या पातळीला असलेल्या गच्चीवर माणूस किंवा कुत्रं आलं की ती मागून येते आणि डोक्याला वारा घालून जाते, कधी नखंही लागतात. घारीचं चित्त पिलांपाशी असतं असं आपण आईच्या मायेबद्दल बोलताना म्हणतो. गच्चीवरची झडप म्हणजे तीच माया. भक्ष्यासाठी आणि राखणीसाठी घातलेल्या झडपेत फरक कळला की उपायही बदलतो. दिल्लीतल्या घारींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की जिथे उघड्यावर कचरा जास्त आणि घारींना मांस खाऊ घालण्याची प्रथा आहे, तिथल्या घारी घरटं राखताना माणसावर अधिक धीटपणे चालून येतात. म्हणजे हा धीटपणा काही प्रमाणात आपणच पोसलेला आहे.

ताई : मग सरळ उपाय आहे. घरटं अंड्यांवर यायच्या आधीच पाडायचं. फटाके वाजवायचे, गलोल ठेवायची. पिल्लू घरातल्या लेकरासारखं असतं. लेकराच्या डोक्यावर कुणी चालून आलं तर आपण त्याच्या वंशाचा विचार करत बसतो का?

सर : लेकरासारखं म्हटलंत, तर त्याच मायेने पुढचं ऐका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त जीव मारण्यापुरती नाही. जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणंही त्यात येतं. पण कायदा बाजूला ठेवला, तरी हा उपाय फसतो. एक घरटं पाडलं की ती जोडी बहुधा शेजारच्याच झाडावर दुसरं बांधते, कारण अन्न तिथेच असतं. मटणाच्या दुकानामागचा उघडा कचरा जोवर रोज पडतोय, तोवर एका जोडीची जागा दुसरी जोडी घेणार. फटाक्यांना पक्षी चार-आठ दिवसांत सरावतात. लटकवलेल्या चकचकीत सीडींचं आणि बुजगावण्याचंही तेच होतं. गलोलीने जखमी झालेली घार मात्र खाली पडते, आणि मग तिची नखं खरोखरच पिल्लाच्या अंगाशी येतात.

ताई : तरी एक घार कमी झाली तर असं काय बिघडतं, हा प्रश्न उरतोच. तुम्ही लगेच निसर्गाच्या साखळीचं सांगाल. ती साखळी माझ्या गच्चीपासून फार लांब आहे.

सर : ती साखळी कुत्र्यांपर्यंत किती जवळ येते हे या देशाने एकदा अनुभवलं आहे. जनावरांना वेदना कमी करायला डायक्लोफेनॅक दिलं जायचं. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. काही वर्षांत तीन जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर गावाबाहेरची मेलेली ढोरं कुजत पडली होती आणि ती खायला मोकाट कुत्री जमली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गिधाडांच्या जागी देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढल्याचा अंदाज मांडला. कुत्री वाढली तशी चावे वाढले आणि रेबीजचं भय वाढलं. त्याचा त्रास पाळलेल्या कुत्र्यांनाही झाला, कारण रस्त्यावर फिरायला नेलेलं लहान कुत्रं आज सर्वांत जास्त जखमी होतं ते मोकाट कुत्र्यांच्या टोळीकडून. आता तीच गिधाडं परत आणायची धडपड चालू आहे. २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात पेंच आणि ताडोब्यात पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं सोडण्यात आली. घार गिधाडाएवढं काम करत नाही, पण गावातला सडका तुकडा आणि मेलेला उंदीर तीच उचलते. ती हटवली तर ती जागा कुत्री आणि घुशीच भरणार.

ताई : गिधाडांचं मानलं. पण मग रोज मोबाइलवर गरुड कुत्रं उचलून नेतानाचे व्हिडिओ येतात, ते सगळे खोटे?

सर : सगळे खोटे म्हणणार नाही. प्रत्येकाला आधी तपासायला हवं एवढंच. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या बागेत गरुडाने लहान मूल उचलल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. तो ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी संगणकावर बनवलेला होता. आपल्या शेजारचंच बघा. २०२१ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती आणि तिथून पडून पिल्लं मरत होती. घटना खरी होती, गावकऱ्यांचा त्रासही खरा होता. पण बाहेर पोहोचलं ते अडीचशे पिल्लांचा आकडा आणि ‘बदला’ हा शब्द. शेवटी वनविभागाने दोन वानरं पकडून दूर नेली. गोष्टीत दोन जमातींचं युद्ध होतं, बंदोबस्त मात्र दोन प्राण्यांचा करायचा होता. घारीच्या बाबतीतही आधी हेच विचारायचं, की त्रास कुठल्या घरट्याचा आहे आणि कुठल्या महिन्यांतला.

ताई : म्हणजे आभाळाकडे बघू नका, असंच शेवटी तुमचं म्हणणं.

सर : बघा, पण सारखं तिकडेच बघत बसू नका. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या काय खातो याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडे ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं आहे, बुलढाण्याला लागून राजूर घाट आहे. इथल्या शेतवस्तीवर रात्री ओसरीत बांधलेल्या कुत्र्याला खरा धोका जमिनीवरून येतो. दुसरा धोका उन्हाचा. मे महिन्यात घाटाखाली पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी सिमेंटच्या गच्चीवर अडकलेलं दाट केसांचं पिल्लू घारीच्या आधी उष्माघाताने मरेल. घारीची भीती अशी बाळगा की तिच्यामुळे या बाकीच्या धोक्यांचाही बंदोबस्त होईल.

ताई : हे पटण्यासारखं आहे, आणि उपाय आपल्या जिल्ह्यातच पडून आहे. देऊळगाव राजा, सिंदखेडराजाकडे भाजीपाला बीजोत्पादनाची शेडनेटं आहेत. जुनं झालेलं हिरवं कापड तिकडे कितीतरी निघतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात चार पाइप उभे करून ते ताणलं, तर ऊनही अडतं आणि वरून झेपही येत नाही. परदेशात कुत्र्याच्या पाठीवर खिळ्यांचं जाकीट चढवतात म्हणे. आपल्या उन्हाळ्यात तसलं काही घातलं तर जीव गुदमरायचा. त्यापेक्षा सावली बरी.

सर : फार बरी. फक्त ते कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणून बांधा. सैल जाळी वाऱ्याने फडफडते, तिच्यात साळुंकीचा पाय अडकतो, घारीचा पंख अडकतो आणि पिल्लाचंही डोकं अडकतं. उंची माणूस उभा राहील इतकी, म्हणजे तुम्हीही तिथे थांबाल. माणूस जवळ असणं हा सर्वांत मोठा पहारा आहे. पिल्लाचं जेवण, विशेषतः मांसाचे तुकडे आणि हाडं, उघड्या गच्चीवर ठेवू नका. घरटं जवळ असेल तर ते दोन-तीन महिने पिल्लाला दुसऱ्या बाजूने फिरवा, आणि तिकडे जावंच लागलं तर छत्री उघडून चला, कारण ती मागून येते. तिन्हीसांज झाली की कुत्रं घरात. रात्री ओसरीत नव्हे, दाराच्या आत.

ताई : आणि ज्यांना गच्ची नाही, ज्यांच्या घरी गावठी कुत्रीच दाराशी व्याली आहे, त्यांनी काय करायचं? प्रत्येकाने शेडनेट कुठून आणायचं?

सर : त्यांच्याकडे पद्धत आधीच आहे, तुम्हीच सुरुवातीला सांगितलीत. डालं. कोंबडीच्या पिल्लांवर झाकतात तसं मोठं टोपलं, नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात दोन पत्रे टेकवून केलेला आडोसा. व्यालेली कुत्री जवळ असेल तर पिल्लांकडे घार फिरकत नाही. घारीला संधी मिळते ती कुत्री उकिरड्यावर अन्न शोधायला गेल्यावर. म्हणून व्यालेल्या कुत्रीला दाराशीच भाकर आणि पाणी द्या. ती पिल्लांपासून हलणार नाही.

ताई : आणि इतकं करूनही नख लागलंच तर?

सर : पांढऱ्या, दाट केसांत जखम दिसत नाही. बोटांनी केस फाकवून पाठ, मान आणि पोटाकडची बाजू बघा. नखाची भोकं बहुधा एकाहून जास्त असतात, वरून बारीक आणि आत खोल. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, कारण आत साचलेली घाण दोन-तीन दिवसांनी पू करते. डोळ्याला लागलं असेल तर एक तासही थांबू नका. पक्ष्याच्या नखाने रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. आणि घरातली दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. वेदना कमी करायला दिलेलं औषध कुणाच्या जिवावर बेतेल याचा विचार आधी करावा लागतो, हे गिधाडांनी आपल्याला शिकवलं आहे.

इथे दोन्ही बाजूंचं बोलणं थांबलं, तरी दोघांत कोण जिंकलं हा प्रश्न खरा नाही. ताईंचं म्हणणं वजनाच्या हिशेबाने संपत नाही. पिल्लू दुबळं असतं आणि दुबळ्याचं रक्षण करणाऱ्याने धोका लहान आहे म्हणून हात झटकायचे नसतात. सरांचं म्हणणं मायेच्या जोरावर खोडता येत नाही. भीतीला पुरावा लावला की ती आवरते, आणि उरलेल्या भीतीपुरते उपाय घराच्या आत सापडतात, ताणलेलं कापड, उघडी छत्री, जवळ बसलेला माणूस, संध्याकाळी लावलेलं दार. त्यांपैकी एकाही उपायात पक्ष्याला हात लावावा लागत नाही, आणि तेच उपाय उन्हापासून, मोकाट कुत्र्यांपासून, बिबट्यापासूनही राखतात.

पिल्लू घरात आणायचं आपण ठरवलं. घारीने तिच्या वाटचं आभाळ कुणाला विकलेलं नाही. तेव्हा राखणीचा खर्च आणि कष्ट आपल्याकडेच आले पाहिजेत. पिल्लू आणण्याच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर जाऊन एकदा बघावं, सावली कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत राहते, समोरच्या निंबावर घरटं आहे का, आणि रात्री कुत्रं कुठे झोपणार. या तीन गोष्टी ठरल्या की मगच पिल्लू आणावं.